डोक्याची पैसेवारी: थरथरत्या हातांचं एक प्रकरण

पहिल्या दिवशी ते दारातून आत आले तेव्हाच, नुसत्या चालण्यावरून, मी निदान करून मोकळा झालो होतो. ही चूक आधीच सांगून टाकतो.

वय ७१. यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून आत असलेलं गाव. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी. शेत आता मुलगा बघतो, पण निर्णय अजून म्हाताऱ्याचेच. त्यांच्या आणि मुलाच्या परवानगीनं हे लिहितो आहे. नाव-गाव देत नाही, इथे त्यांना आबाजी म्हणतो. माझी ओपीडी तालुक्याला, बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी नुकतीच झाली होती, कापसाची वेचणी सुरू होती, म्हणून मुलाऐवजी सून सोबत आली होती.

पावलं आखूड आणि घासत पडणारी. दोन्ही हात कोपरात वाकलेले, चालताना न हलणारे. चेहरा कोरा, डोळ्यांची उघडझाप कमी. दोन्ही हातांना कंप, आणि बारकाईनं पाहिलं तर ओठांनाही. मनगट हातात घेऊन फिरवलं की दातेरी चाकासारखं अडकत अडकत फिरायचं. सून म्हणाली, "मामाजी आता वरणाची वाटी धरतच नाही. अर्धं अंगावर सांडते." आबाजी म्हणाले, "मले काही दुखत नाही जी. हात आयकत नाही, एवढंच."

त्रास पाच-सहा महिन्यांचा. दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकाच वेळी सुरू झालेला. खरं तर इथेच माझा हात थांबायला हवा होता. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, बहुधा एका बाजूनं सुरू होतो आणि पुढेही त्या बाजूला जास्त राहतो. पण माझ्या कानात सुनेचं दुसरंच वाक्य घुमत होतं: तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन फवारणी केली त्यांनी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर इकडे कोणाला थरथर सुटली की घरचे आधी पंपाकडे बोट दाखवतात, आणि आम्ही डॉक्टरही. काही कीटकनाशकांच्या दीर्घ संपर्काचा कंपवाताशी संबंध दिसलेला आहे, त्यामुळे गोष्ट जुळत होती. फार छान जुळणाऱ्या गोष्टीचीच भीती बाळगावी, हे मला माहीत असायला हवं होतं.

केसपेपरवर लिहिलं: "चालू औषधं – बीपीची गोळी." लेव्होडोपा-कार्बिडोपा हे कंपवाताचं औषध सुरू केलं, अर्ध्या गोळीपासून.

सहा आठवड्यांनी फरक शून्य. डोस वाढवला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आबाजी परत आले ते जरा जास्तच ताठरलेले. मळमळते का विचारलं, कारण लेव्होडोपानं ते होतं. उत्तर आलं: "मळमळते ना जी. म्हून पित्ताची कॅप्सूल आता दोन टाइम घेतो."

कोणती कॅप्सूल?

सुनेनं बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून गोळ्यांचे पत्ते काढून टेबलावर मांडले. बीपीची गोळी होतीच. दुसरा पत्ता चक्करच्या गोळ्यांचा, सिनारिझिन, आदल्या एप्रिलपासून. तिसरी कॅप्सूल पित्ताची: रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम आणि त्याच्या जोडीला लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. सोळा महिन्यांपूर्वी पोट बिघडलं तेव्हा कुणीतरी दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. आराम पडला, म्हणून पुढे रिकामा पत्ता दाखवून मेडिकलमधून नवा आणत राहिले. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" पित्ताची कॅप्सूल ही त्यांच्या लेखी गोळीच नव्हती. ते जेवणाआधीचं काहीतरी होतं, सोपेसारखं.

लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल वाढवतं, म्हणून ते पित्ताच्या कॅप्सूलमध्ये घालतात. पण मुळात ते डोपामिनच्या (हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या) डी-टू ग्राहकांवर (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, डोपामिन ज्यांना चिकटतं त्या प्रथिनांवर) जाऊन बसणारं औषध आहे, आणि ते काही प्रमाणात मेंदूतही पोचतं. सिनारिझिनही थोडंबहुत तेच करतं. आबाजींच्या मेंदूत डोपामिन कदाचित पुरेसं होतं, पण त्याची बसायची जागा अडवलेली होती. मेंदूत लेव्होडोपाचं डोपामिन होतं, म्हणजे मी ते देऊन आणखी डोपामिन पाठवत होतो, त्यानं मळमळ होत होती, आणि त्या मळमळीवर आबाजी जागा अडवणारं औषध दुप्पट करत होते. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, १.४ म्हणजे जरा जास्त निघालं. लेव्होसल्पिराइड मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असेल तर ते अंगात साचत जातं.

हेच औषध तिशीतल्या माणसाला का बाधत नाही

मुलानं विचारलेला प्रश्न रास्त होता. "हीच कॅप्सूल मीही घेतो कधी कधी. मले तं काही झालं नाही." याचं उत्तर वय वाढतं तसं मेंदूत काय घडतं त्यात आहे, आणि ते आपल्याला ठाऊक आहे ते जिवंत माणसाच्या डोक्यातले ग्राहक मोजता येऊ लागले म्हणून. त्याआधी मेल्यानंतर मेंदूचे तुकडे तपासणं एवढाच मार्ग होता.

मे १९८३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री वॅग्नर या डॉक्टरांनी स्वतःच पेट (अंगात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचं चित्र काढणाऱ्या) यंत्रात डोकं घातलं. कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडलेलं, डोपामिनच्या ग्राहकांना चिकटणारं एक द्रव्य शिरेतून दिलं आणि मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात ते कसं गोळा होतं ते पाहिलं. जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामिनचे ग्राहक चित्रात दिसले ते तेव्हा. पुढच्याच वर्षी त्याच गटानं वयाचा प्रश्न घेतला: वय वाढतं तसं हे चिकटणं कमी होतं. १९८०च्याच दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे यांच्या गटानं रॅक्लोप्राइड हे द्रव्य वापरात आणलं. डी-टू मोजण्यासाठी आजही तेच सर्वांत जास्त वापरतात. १९९८ मध्ये अमेरिकेत नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटानं २४ ते ८६ वर्षांच्या निरोगी माणसांत दाखवलं की ग्राहक कमी असणाऱ्यांची बोट भराभर आपटण्याची गतीही मंद असते, तीही वयाचा परिणाम हिशेबातून काढल्यावर.

आतापर्यंतच्या मोजण्यांचा गोळाबेरीज अर्थ असा की स्ट्रायटममधले डी-टू ग्राहक प्रौढ वयात दर दहा वर्षांना पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास घटतात. डी-वन जातीचे याहून जास्त. डोपामिन परत उचलून घेणारे वाहकही घटतात. डोपामिन बनवण्याची क्षमता मात्र वयाबरोबर तेवढी उतरत नाही, हे मला व्यक्तिशः सगळ्यात रोचक वाटतं: पाठवणारा पाठवतोच आहे, घेणारे कमी होत चाललेत.

आता ढोबळ हिशेब. पंचविशीत १०० धरा. दशकाला सात टक्के घट धरली तर एकाहत्तरीपर्यंत सत्तरच्या आसपास उरतात. समजा औषधानं दोघांच्याही अर्ध्या जागा अडवल्या. तरुणाकडे ५० मोकळ्या, म्हाताऱ्याकडे ३५. हालचाल सुरळीत ठेवायला लागणारी रेषा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल, तर एकाच कॅप्सूलनं मुलगा ठणठणीत आणि बाप ताठर. हे आबाजींच्या डोक्यातले मोजलेले आकडे नव्हेत, पाटीवरची गुणाकार-वजाबाकी आहे. पण पेटवरच्या अभ्यासांत असंच काहीसं दिसलं आहे. मनोविकारावरच्या औषधांनी तरुणांत साधारण ८० टक्के डी-टू अडले की अंग ताठरतं. वयस्कांत ते त्याहून बरंच आधी, ६० टक्क्यांच्या आसपासच होऊ लागतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वर्तमानपत्रांत ती कायम गाळली जाते. "दशकाला इतके टक्के" हे आकडे बहुतेक वेळा वेगवेगळ्या वयाच्या वेगवेगळ्या माणसांना एकदाच मोजून काढलेले असतात. धुऱ्यावरचं लहान कडुनिंब, मधलं आणि म्हातारं पाहून एका झाडाचं आयुष्य सांगावं, तसं. जुन्या झाडाला लहानपणी पाणीच वेगळं मिळालं असेल. म्हणून स्वीडनमधल्या उमेओच्या कोब्रा प्रकल्पानं ६४ ते ६८ या आखूड वयपट्ट्यातली १८१ निरोगी माणसं रॅक्लोप्राइडनं मोजली आणि काही वर्षांनी त्यांनाच पुन्हा बोलावलं. पहिल्या फेरीतच दिसलं की जवळजवळ एकाच वयाच्या माणसांतही ग्राहकांचं प्रमाण बरंच वेगळं असतं, आणि ते प्रसंग लक्षात ठेवण्याच्या स्मरणशक्तीशी जोडलेलं आहे. एकाहत्तर हा आकडा डोक्याबद्दल फार थोडं सांगतो.

मग स्कॅन कशाला?

कॅप्सूल आणि चक्करची गोळी त्याच दिवशी बंद केली. औषधानं आलेला ताठरपणा बहुतेकांत काही आठवड्यांपासून सहा महिन्यांत ओसरतो. वाट पाहिली असती तरी चाललं असतं, आणि एरवी मी तेच केलं असतं. पण काही जणांत तो ओसरत नाही. त्यांच्यात कंपवात आधीपासून आत दबा धरून बसलेला असतो, औषध त्याला फक्त उघडं पाडतं. आणि या घरात वाट पाहायला वेळ नव्हता. गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठरतो. आबाजींना खरोखर कंपवात असेल तर मुलगा शेत मक्त्यानं देऊन पुण्याला मेहुण्याकडे कामाला जाणार होता आणि बापालाही नेणार होता. नसेल तर सालदार ठेवून शेत घरीच ठेवायचं. पाडव्याला दोन महिने होते.

माझ्या हातात काही खुणा होत्या. आबाजींना वास नीट येत होता. डोळे मिटायला लावून ओवा, हिंग आणि लसूण ओळखायला दिले, तिन्ही बरोबर. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं नव्हतं. कंपवातात या दोन गोष्टी अनेकदा वर्षानुवर्षं आधी बिघडतात. पण ओव्याच्या वासावर शेताचा निर्णय घ्या, असं कुणाला सांगणार?

रॅक्लोप्राइडचा पेट स्कॅन इथे होणारच नव्हता, आणि झाला असता तरी उपयोगाचा नव्हता. कार्बन-११ चा अर्धा भाग वीस मिनिटांत संपतो, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात हवं. ही संशोधनाची चैन आहे. दुसरं, ते द्रव्य ग्राहकांवरच बसतं. ग्राहकांवर आधीच कॅप्सूल बसलेली असेल तर चित्र फिकं येणार, आणि ते वयानं फिकं, औषधानं फिकं की मुळातच फिकं, हे त्या एका चित्रातून वेगळं काढता येणार नाही.

म्हणून प्रश्नच बदलला. घेणारे नव्हे, पाठवणारी टोकं शाबूत आहेत का ते पाहू. कंपवातात डोपामिन पाठवणारे चेतातंतू मरतात आणि त्यांच्या टोकांवरचे डोपामिन-वाहक त्यांच्यासोबत जातात. औषधानं फक्त ग्राहक अडवले असतील तर टोकं जागेवर असतात. ही टोकं दाखवणारं ट्रोडॅट नावाचं द्रव्य टेक्निशियम-९९एम ला जोडून देतात. टेक्निशियमचा अर्धा भाग जायला सहा तास लागतात आणि ते जनरेटर नावाच्या छोट्या पात्रातून रोज काढता येतं, त्यामुळे स्पेक्ट या पेटहून साध्या स्कॅन-यंत्रावर काम होतं. लेव्होसल्पिराइड या वाहकांवर बसत नाही. नागपूरला एका केंद्रात सोय होती. खर्च दोन क्विंटल कापसाएवढा. मुलगा म्हणाला, "करून टाकू. मक्ता चुकीचा दिला तं याहून जास्त जाईल."

पहाटेच्या एसटीनं, अर्ध्या तिकिटावर, आबाजी नागपूरला गेले. दहाच्या सुमारास इंजेक्शन, मग चार तास नुसतं बसणं, कारण द्रव्याला नको तिथून निघून जायला वेळ लागतो. मग अर्ध्या तासाहून अधिक यंत्रात डोकं न हलवता. ओठांसोबत त्यांची हनुवटीही थरथरत होती, म्हणून डोक्याला पट्टा बांधावा लागला. डोकं किंचित कललं तरी एक बाजू उगाच फिकी दिसते.

दोन दिवसांनी मुलाचा फोन. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला होता आणि गावातल्या एका शिकलेल्या पोरानं वाचून दाखवला होता: दोन्ही बाजूंच्या स्ट्रायटममध्ये शोषण सौम्य प्रमाणात कमी. "कमी हाये म्हंते. म्हंजे कंपवातच ना?"

मीही रिपोर्ट पाहून क्षणभर गप्प झालो. मग केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि चित्रं मागवली. सगळं प्रकरण "सौम्य कमी" या दोन शब्दांवर येऊन अडकलं होतं. कुणाच्या मानानं कमी?

चित्रात दिसणारा आकडा हा स्वतंत्र आकडा नसतोच. स्ट्रायटममधली चमक, भागिले मेंदूच्या मागच्या भागातली चमक, कारण तिथे हे वाहक जवळजवळ नसतात. असं गुणोत्तर काढतात. मग ते निरोगी माणसांच्या गुणोत्तरांशी ताडतात. ते निरोगी लोक पन्नाशीतले असतील तर एकाहत्तरीचा प्रत्येक माणूस "सौम्य कमी" ठरेल. त्यात म्हातारा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, आणि स्पेक्टची नजर आठ-दहा मिलिमीटरच्या खालचं स्पष्ट पाहू शकत नाही. लहान झालेल्या भागाची चमक शेजारी सांडते आणि तो आहे त्याहून फिका दिसतो. म्हणजे घट असते काही खरी आणि काही यंत्राची.

त्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आकड्यापेक्षा आकार पाहा. निरोगी स्ट्रायटम चित्रात स्वल्पविरामासारखा दिसतो, पुढे गोल डोकं आणि मागे शेपूट. कंपवात मागच्या शेपटीपासून, पुटामेनपासून खायला लागतो, तेही बहुधा एका बाजूनं आधी, आणि स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो. शिवाय हात-पाय इतके ताठरेपर्यंत शेपूट बरीचशी गेलेली असते. आबाजींच्या दोन्ही स्वल्पविरामांची शेपटं पूर्ण होती, सारखी होती. फिकेपणा सगळीकडे एकसारखा होता, वयाला शोभेल इतपत. त्यांनी सुधारित रिपोर्टमध्ये "वयानुरूप" हा शब्द घातला. पहिल्याच रिपोर्टमध्ये तो असता तर त्या घराचे दोन दिवस वाचले असते.

पुढच्या बाजाराला बापलेक दोघंही आले. मी कागदावर स्वल्पविराम आणि पूर्णविराम काढून दाखवले. आबाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "थे सगळं ठीक हाये. माह्या डोस्क्यात किती टक्का उरलं, थे सांगा."

मी म्हणालो, टक्का नाही सांगता येत आबाजी. तुमच्या वयाच्या माणसाकडे असावं तेवढं आहे.

"म्हंजे पैसेवारी. गावाच्या सरासरीशी ताडाची."

मी तीनेक वर्षं विद्यार्थ्यांना हे गुणोत्तर शिकवत आलो आहे आणि मला हा शब्द सुचला नव्हता. नेमकं तेच. सरकारी पैसेवारी म्हणजे उभ्या पिकाचा आकडा नव्हे, नेहमीच्या पिकाशी केलेली तुलना; पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ. आणि पैसेवारीसारखंच भांडणही तिथेच: नेहमीचं पीक कोणतं धरलं?

"पन्नासच्या वर हाये ना? मंग दुष्काळ नाही," असं म्हणून ते उठले. उठताना खुर्चीचा हात धरावा लागला, पण एकाच झटक्यात उठले.

लेव्होडोपा हळूहळू कमी करून बंद केलं. फेब्रुवारीअखेर फार फरक नव्हता, आणि मला एकदा पुन्हा शंका येऊन गेली. पाडव्याला सालदार ठरला. एप्रिलमध्ये आबाजी सदऱ्याची गुंडी स्वतः लावू लागले. ओठांची थरथर गेली. मृगात पेरणीला धुऱ्यावर उभं राहून सालदाराला शिव्या घालण्याइतका आवाज परत आला. हे सुनेनं सांगितलं, तक्रारीच्या सुरात. पित्तासाठी आता साधी गोळी, लागली तरच, आणि रात्रीचं तिखट कमी. चक्कर सिनारिझिननं थांबणारी नव्हतीच. ती बीपीच्या गोळीनं उठल्यावर रक्तदाब उतरल्यानं येत होती. डोस कमी केल्यावर तीही थांबली.

माझ्या केसपेपरवर तेव्हापासून एक ओळ छापून घेतली आहे: "पिशवी दाखवा." कोणती औषधं घेता असं मी आता विचारत नाही. पहिल्याच महिन्यात त्या ओळीमुळे तीच कॅप्सूल आणखी चार पिशव्यांतून निघाली. त्यातली एक आबाजींच्या बायकोची होती.

पोळ्याला त्यांनी बैलांची शिंगं स्वतः रंगवली. मुलानं फोटो पाठवला. डाव्या शिंगाचा पट्टा सरळ आहे, उजव्याचा जरा नागमोडी. उजव्या हातात बारीक कंप अजून आहे, विसाव्याला जास्त. तो औषधाचा उरलेला आहे की पुढे येणाऱ्या कशाची सुरुवात, हे स्कॅनवरून मी ठरवत नाही; चित्र जानेवारीअखेरचं होतं, त्या दिवसापुरतं खरं. पुन्हा स्कॅन करू का, असं मुलानं विचारलं. आता नको म्हणालो. कंप वाढला, एका बाजूचं पाऊल घासायला लागलं किंवा ओव्याचा वास येईनासा झाला तर बघू. तोवर दर तीन महिन्यांनी मी त्यांना बोट भराभर आपटायला लावतो आणि केसपेपरवर दहा सेकंदांतली संख्या लिहितो. मागच्या वेळी उजवी २८, डावी ३१. पुढची तारीख तूर निघाल्यावरची दिली आहे.